सोबतीचा पिवळा पट्टा

ताई भावासाठी किती करते, हे वाक्य इतक्या जणांनी इतक्या वेळा म्हटलं होतं, की ते तिच्या नावालाच चिकटलं होतं. सासूबाई म्हणायच्या, शेजारीण म्हणायची, लाँड्रीतल्या बायका म्हणायच्या. म्हणायला काय जातंय, उचलली जीभ लावली टाळ्याला! बाई गं, तू स्वतःसाठी काय करतेस, असं एकीनेही कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी ताईने खरं सांगितलं नसतं म्हणा. तिथेच तर सगळं घोडं पेंड खात होतं.

ताई कामाला होती हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या मोठ्या लाँड्रीत. तिथली इस्त्री हातात धरायची नसते. दोन माणसं आडवी झोपतील एवढा लांब तापलेला रोलर असतो, एका बाजूने दोघी ओली चादर ताणून आत सोडतात आणि पलीकडे दोघी ती धरून घडी घालतात. ताई सोडणाऱ्या बाजूची. चादर तिरकी गेली की सुरकुती पडते, सुरकुती पडली की सुपरवायझर बाई येतात. कपडे वाळवणाऱ्या यंत्रांची दिवसभर अशी धडधड असते की शेजारणीला काही सांगायचं तर ओरडावं लागतं आणि ओरडलं की पुन्हा सुपरवायझर बाई येतात. यंत्रांनी ओरडलेलं चालतं, बायकांनी नाही.

घरी गेलं तर नवरा बसड्रायव्हर. दिवसभर हॉर्न ऐकून आलेल्या माणसाला घरात शांतता लागते. सासूबाईंना तर भांड्याला भांडं लागलेलं खपत नसे. म्हणजे ताई कामावर गप्प आणि घरी त्याहून गप्प. तोंड आहे कशाला, तर जेवायला आणि हो म्हणायला.

तिचा भाऊ तिच्याहून सहा वर्षांनी धाकटा. सतराव्या वर्षी मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसून गेला आणि परत आला तो कमरेखालचं सगळं गमावून. वर्षभर भिंतीकडे तोंड करून पडून होता. दिवसभर एकाच बँडची गाणी लावायचा, तीही खिडक्यांची तावदानं थरथरतील एवढ्या आवाजात. चौघांचा बँड होता, गायकाचा गळा घोगरा, ढोल असे की पोटात बसावेत. तो बँड शहराच्या मैदानावर येणार असं कळलं तेव्हा आईने ताईला बोलावून सांगितलं, की घेऊन जा त्याला, तेवढंच मन रमेल. ताईच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. नवऱ्याने कपाळाला आठ्या घातल्या, पण अपंग भावासाठी जाते म्हटल्यावर नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

मैदानाच्या कडेला लोखंडी नळ्यांवर फळ्या टाकून मचाण केलेलं होतं, चाकाच्या खुर्च्या वर जाव्यात म्हणून त्याला लांब उतार. बाजूच्या लहान फाटकातून आत घ्यायचे. खुर्चीवाल्याच्या मनगटाला हिरवा पट्टा, बरोबरच्या माणसाला पिवळा. पिवळ्यावर एकच शब्द छापलेला, ‘सोबत’. एका खुर्चीला एकच पिवळा, आणि सोबतीने उभं राहायचं ते खुर्चीच्या मागे, म्हणजे शेजारच्या खुर्चीवाल्यांना स्टेज दिसतं. हिरव्यासाठी अर्ज करावा लागे, पिवळा त्याच्या जोडीला आपोआप मिळे.

गाणं सुरू झालं आणि ढोलाचा पहिला दणका फळ्यांतून ताईच्या टाचांत शिरला, तिथून बरगड्यांत. तिने खुर्चीच्या मुठी घट्ट धरल्या. तिसऱ्या गाण्याला सगळं मैदान ओरडलं, आणि त्यात तीही ओरडली. असं ओरडली, की लहानपणी विंचू चावला तेव्हाही ओरडली नसेल. आणि कोणी काही म्हणालं नाही. कोणी मागे वळून पाहिलं नाही, कोणी विचारलं नाही काय झालं. ताईला रडूच आलं. इतकं बरं तिला त्याआधी कधी वाटलं नव्हतं, लग्नात नाही आणि लग्नानंतरही नाही.

घरी आली तर केस विस्कटलेले, घसा बसलेला, डोळे लाल. सासूबाईंनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. ताई घाबरली आणि तोंडाला आलं ते बोलून गेली, की काय बाई ते डबे बडवणं, कान बधिर झाले माझे, डोकं उठलं नुसतं. पण करणार काय, त्याच्यासाठी जावं लागतं. सासूबाईंचा चेहरा एकदम निवळला. भावासाठी किती करते हो, असं त्यांनी दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगितलं. झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या एका वाक्यावर ताईला पुढची अठरा वर्षं बाहेर पडता आलं.

तो बँड वर्षातून एकदा यायचाच, कधी दोनदा. मधून दुसरे यायचे, त्यांनाही ही दोघं जायची. धाकट्याचा जीव हळूहळू खुर्चीत रमला, वीज कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायची नोकरी लागली, तळमजल्यावरची स्वतःची खोली झाली. खुर्चीत बसून हुकूम सोडतो म्हणून ताई त्याला राजे म्हणायची, आणि लाडात आली की अहो-जाहो करायची. राजे, तुमच्यापायी माझे कान गेले. राजे, म्हातारपणी मला ऐकू आलं नाही तर तुम्ही लिहून दाखवा. राजे हसायचे. पहिल्यांदा सासूबाईंसमोर बोललेलं खोटं आता ती त्याच्यासमोरही बोलायला लागली होती, आणि तेही कारण नसताना. सवय लागली की माणूस कशाला कारण शोधतो?

तुम्ही म्हणाल, अठरा वर्षांत भावाला कळलं कसं नाही? कळणार कसं! ती मागे, तो पुढे. तोंड दोघांचं स्टेजकडे. ताई खुर्चीच्या मुठी धरून प्रत्येक गाणं पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत म्हणायची, डोळ्यांतून पाणी काढायची, आणि पुढ्यातल्या कर्ण्यांच्या आवाजात त्याला त्यातलं अवाक्षर ऐकू यायचं नाही. गाणी संपून तो मान वळवेपर्यंत ताईने पदराने तोंड पुसून कंटाळलेला चेहरा लावलेला असायचा. राजेंनी ताईचं गातानाचं तोंड आयुष्यात एकदाही पाहिलं नव्हतं.

बाकी तिने त्याला फुलासारखं जपलं, यात खोट नाही. एक निळी पिशवी असायची. तिच्यात हवेचा पंप, चाकाचा नट सैल झाला तर पाना, पावसाचं प्लास्टिक, जादा विजार, गोळ्या. जाड वायरी ओलांडताना खुर्ची कशी मागे कलती करायची, कोणत्या मैदानावरचं खुर्चीवाल्यांचं शौचालय नुसतं नावाला असतं, सगळं तिला पाठ. पण एक होतं. फाटकावरचा माणूस तिला विचारायचा, यांना पाणी हवंय का, आणि ती उत्तर द्यायची. यांना थंडी वाजते का, तर तीच सांगायची, वाजते, आणि त्याच्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढायची. एकदा राजे म्हणाले होते, यांना कान आहेत आणि तोंडपण आहे. सगळे हसले होते, ताईसुद्धा. ते हसण्यावारी न्यायचं नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं नाही.

मग बातमी आली, की चौघे थकले, आता शेवटचा दौरा. आपल्या मैदानावर एकच कार्यक्रम, तोही दुपारी चारला सुरू, आणि त्यानंतर कायमचा रामराम. ताईला ही बातमी रोलरपाशी कळली. हातातली चादर तिरकी गेली, सुपरवायझर बाई आल्या, बोलल्या, गेल्या. ताईने काही ऐकलं नाही. त्या दिवसापासून ती मनात गाणी लावून बघत होती, शेवटचं कोणतं म्हणतील म्हणून. नवऱ्याला सांगितलं ते मात्र ठरलेल्या सुरात, की आता एकदा शेवटचं त्याला घेऊन जावं लागेल, काय करणार.

रविवारी राजेंनी तिला खोलीवर बोलावलं. तिथे एक मुलगी बसलेली, चष्म्याच्या दुकानात काम करणारी. राजे चष्मा करायला गेले आणि चार महिन्यांत तीनदा काच बदलून आले, म्हणजे काय ते ताईने ओळखायला हवं होतं. मुलगी हसरी, चटपटीत. ताईला मनापासून बरं वाटलं, खोटं कशाला बोला. मुलगी चहा ठेवायला आत गेली, तेव्हा राजे खुर्ची पुढे घेऊन आले.

“ताई, तुला सोडवलं बघ यातून. या वेळचा पिवळा पट्टा मी हिच्या नावावर घेतलाय.”

ताई म्हणाली, “तिला जमेल का रे? वायरी असतात.”

“मी सांगेन तिला. ऐक ना ताई. अठरा वर्षं माझ्या मागे एक माणूस कंटाळून उभं आहे, हे डोक्यात ठेवून मी गाणी ऐकली. दर गाण्याला वाटायचं, आता हिची कंबर दुखत असेल, आता डोकं दुखत असेल. शेवटचं तरी मला हलक्या मनाने ऐकायचंय.”

आणि त्याने तिच्या हातात एक खोकं दिलं. आत विजेवर तापणारा कमरपट्टा. उभं राहून राहून तुझी कंबर गेली, ती माझ्यामुळेच गेली, आता घरी बसून शेक, असं म्हणून तो हसला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. इतक्या प्रेमाने कोणी कोणाचा गळा कापला नसेल.

सांगायचं होतं तेव्हाच. अरे, मी कंटाळत नव्हते, मी तुझ्यापेक्षा जास्त गात होते. एवढंच वाक्य. पण अठरा वर्षांचं खोटं एका वाक्यात कसं उसवायचं? आणि तो विचारणार, मग तू माझ्यासाठी येत नव्हतीस का? याचं उत्तर काय होतं? त्याच्यासाठी येत होती हेही खरंच होतं की. आतून मुलगी विचारत होती, साखर किती. ताई म्हणाली, “बरं झालं बाई, सुटले एकदाची.” म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि दाबणारा हातही आपलाच.

घरी नवरा म्हणाला, सुंठीवाचून खोकला गेला. त्या रात्री ताईने कमरपट्टा लावून पाहिला. चांगला तापत होता.

तिकीट काढून जाता आलं असतं की, असं तुम्ही म्हणाल. तेही तिने करून पाहिलं. घडी घालणाऱ्या बाईच्या मुलीला फोनवर बघायला लावलं, भावाच्या मित्रासाठी हवंय असं सांगून. तिथेही खोटंच! तिकिटं पहिल्या तासातच संपली होती. गंमत म्हणजे या मैदानाचं मोठं फाटक कोणत्या रस्त्यावर आहे, हेसुद्धा ताईला माहीत नव्हतं. ती जन्मभर बाजूच्या फाटकातून गेलेली.

कार्यक्रमाच्या दिवशी तिने पोटात दुखतंय सांगून दुपारी दोनला रोलर सोडला. नवऱ्याला फोनवर म्हणाली, राजेंची पिशवी माझ्याकडेच राहिलीय, देऊन येते. पिशवी खरंच तिच्याकडे राहिली होती. कारण कोणी ती मागितलीच नव्हती. बाजूच्या फाटकावर नेहमीचाच मिशीवाला पहारेकरी होता. तो म्हणाला, आज राजे दुसऱ्याच कोणाबरोबर पुढे गेले. ताईने निळी पिशवी उंच करून दाखवली. पाना राहिला, चाक सैल आहे त्याचं. मिशीवाल्याने मनगटाकडे पाहिलं, पट्टा नव्हता, पण अठरा वर्षांची ओळख. लवकर परत या, म्हणाला.

मचाणावर पंधरावीस खुर्च्या. ताई अगदी मागच्या कठड्याला पाठ लावून उभी राहिली, दोघातिघांच्या आडोशाने. समोर तिला राजे दिसले. आणि ती मुलगी त्यांच्या मागे नव्हतीच. तिने घरून घडीचं बुटकं स्टूल आणलं होतं आणि ती त्यांच्या शेजारी बसली होती, खांद्याला खांदा लावून. कोणाच्या आड येत नव्हती. बोलताना प्रत्येक वाक्याला दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती. अठरा वर्षांत ताईच्या डोक्यात एक स्टूल आलं नव्हतं. ते का आलं नव्हतं, हेही तिला तिथेच उभ्या उभ्या कळलं आणि स्वतःची लाज वाटली. शेजारी बसली असती तर त्याला दिसलं असतं.

मग ढोल सुरू झाले आणि लाजबिज सगळी गेली. घोगऱ्या गायकाचा गळा आता पार चिरका झाला होता, वरचे सूर लागत नव्हते, पण ताईचे लागत होते. चार गाणी तिने मनसोक्त म्हटली. पिशवी छातीशी धरून, डोळे मिटून, नरड्याच्या शिरा ताणून.

डोळे उघडले तेव्हा गाणं संपून टाळ्या पडत होत्या, आणि राजेंनी खुर्ची वळवलेली होती. ते सरळ तिच्याकडे बघत होते. चाकं ढकलत जवळ आले तेव्हा त्यांचा चेहरा तिने कधी पाहिला नव्हता इतका कडू झालेला.

“तुला माझ्यावर एक दिवसपण भरवसा नाही ना?”

“तसं नाही रे.”

“पिशवी घेऊन आलीस. पाळत ठेवायला. ती काय मला पाडणार होती?”

“मी गाणी ऐकायला आले,” ताई म्हणाली. अठरा वर्षांत पहिल्यांदा. “माझ्यासाठी आले. मला आवडतात रे. पहिल्यापासून आवडतात.”

राजेंनी तिच्याकडे पाहिलं. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून कोण खरं बोलतं आणि कोण थापा मारतं हे आवाजावरून ओळखतो, असं ते नेहमी म्हणायचे.

“ताई, निदान आज तरी खोटं बोलू नकोस.”

तेवढ्यात मचाणावरचा दुसरा पहारेकरी आला. हा नवीन होता, तरुण, नियमाचा पक्का. पट्टा कुठे आहे, त्याने ताईला विचारलं. मग राजेंकडे वळून, पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना विचारलं, “साहेब, या तुमच्याबरोबर आहेत का?”

मुलगी स्टुलावरून उठली होती. काय चाललंय तिला कळत नव्हतं. ताईने पिशवीचा बंद मुठीत धरला.

“नाही,” राजे म्हणाले. “त्या माझ्याबरोबर नाहीत.”

खोटं नव्हतं ते. पट्ट्याच्या हिशेबाने अगदी खरं होतं. पहारेकरी सभ्यपणे म्हणाला, चला मावशी, आणि ताई चालायला लागली. पाचवं गाणं सुरू झालं होतं. उतारावरून खाली येताना तिचे हात पुढे आलेले होते, मुठी धरल्यासारखे, आणि तिने ते खाली घेतले. पिशवी तिने मिशीवाल्याकडे ठेवली, राजेंना द्या म्हणाली.

मैदानाच्या भिंतीला लागूनच बसथांबा होता. ताई तिथे उभी राहिली. एक बस आली, गेली, दुसरी आली. आतला आवाज भिंतीवरून येत होता, ढोल स्पष्ट, शब्द अर्धेमुर्धे. शेवटचं गाणं लागलं ते तिने पहिल्याच दणक्याला ओळखलं. अठरा वर्षांपूर्वीचं, तिसरं. आत सगळं मैदान ओरडलं, आणि इथे थांब्यावर ताई ओरडली.

थांब्यावरची सगळी माणसं वळली. एकाने फोन कानावरून काढला. भाजीची पिशवी घेतलेली एक बाई घाईने जवळ आली, तिने ताईचा दंड धरला आणि विचारलं, काय झालं हो, कुठे दुखतंय का, कोणाला बोलावू का?

ताईने पदराने तोंड पुसलं. चेहरा आपोआप लागला.

“काही नाही हो,” ती म्हणाली. “भाऊ आत आहे माझा. खुर्चीत असतो. त्याला न्यायला थांबलेय. हे डबे बडवणं ऐकून डोकं उठलं नुसतं.”

त्या बाईने भिंतीपलीकडच्या आवाजाला कान दिला, तोंड वाकडं केलं आणि ताईचा दंड प्रेमाने थोपटला.

“किती करता हो भावासाठी,” ती म्हणाली.